शेंडगे वस्तीचा शंभर टक्के बहिष्कार

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आचारसंहिता लागली. संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढं मीटिंग झाली. विधानसभेच्या मतदानावर वस्तीनं बहिष्कार टाकायचं एकमतानं ठरलं. समितीचा अध्यक्ष मी. नाव बाळासोनं सुचवलं. दुसरं कुणी पुढं आलं नाही, यावरून लोकांचा माझ्यावरचा विश्वास दिसतो.

मागणी एकच, भीमेवर पूल. आमची वस्ती अलीकडच्या काठाला, शिरूर मतदारसंघात. पलीकडचा काठ दौंडचा. मधे जुना बंधारा. दूध, भाजी, कॉलेजची पोरं, सगळं त्याच्या अरुंद माथ्यावरून जातं. माझी पोरगी प्रगतीसुद्धा रोज तिथनंच केडगाव स्टेशनला जाते आणि डेमूनं दौंडच्या नर्सिंग कॉलेजात. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या धुरपदाकाकूंचा मल्हार गाडीसकट खाली गेला. वाचला, पण पायात रॉड आहे.

बायकोचं, साधनाचं म्हणणं, पूल मागा, पण आधी एका बाजूला पाइपचं रेलिंग तरी मागा. तिला समजावलं की रेलिंग मागितलं तर रेलिंगच मिळतं. ती म्हणाली, "मिळू द्या की." बायकांना पॉलिटिक्स कळत नाही.

रांजणगावच्या कंपनीत मी लाइन सुपरवायझर होतो. टार्गेट ठरवलं की गाठायचं, ही सवय. टार्गेट: शून्य मतदान.

निश्चय: रोज पहाटे उठून घरोघर भेटी.

१८ ऑक्टोबर

उठायला उशीर. भेटी उद्यापासून. शिवाय अध्यक्षानं दारोदार हिंडणं बरं दिसत नाही. लोकांनी यावं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शिरूरहून फ्लेक्स करून आणला. मोठा आहे, माझा फोटोही चांगला आलाय. "पूल नाही तर मत नाही" असं सांगितलं होतं. छापलं "फूल नाही तर मत नाही". घाईत बघायचं राहिलं. तरी लावला, अर्थ कळतोच.

दुपारी निवडणुकीचं भरारी पथक आलं. फूल हे कुठल्या उमेदवाराचं चिन्ह, खर्च कुणाच्या खात्यात धरायचा, असं विचारायला लागले. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी व्हिडिओ काढला आणि फ्लेक्स काढून नेला. म्हणजे प्रशासनानं दहा दिवसांच्या आतच दखल घेतली.

२९ ऑक्टोबर

तहसीलमधून दोन साहेब बहिष्कार मागं घ्या म्हणायला आले. माझ्या अंगणात बसले. मला "अध्यक्षसाहेब" म्हणाले. चहा दोनदा झाला. मी अजिबात नमलो नाही.

ते म्हणाले, पूल करायचा तर अर्धा दौंडच्या हद्दीत जातो, तिकडनं प्रस्ताव यायला हवा. तसाच गाडी काढून दौंडला गेलो. तिथले इंजिनिअर म्हणाले, मागणी तुमची, प्रस्ताव शिरूरनं पाठवायचा. म्हणजे दोन्ही ऑफिसांचं एकमत आहे की प्रस्ताव पाहिजे. निम्मं काम झालं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

समितीची मीटिंग. मी आणि मल्हार. मल्हारला फार चालता येत नाही आणि मीटिंग त्याच्याच ओट्यावर होती.

बाळासो सेक्रेटरी असून आला नाही. नंतर रस्त्यात दिसला, गळ्यात एका उमेदवाराचं उपरणं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "थंडी हाय भारता, काय मनावर घेऊ नको." खरंच गारठा होता. विषय वाढवला नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आजचा प्रकार लिहावा की नाही कळत नाही.

सकाळी जीप आली. चार माणसं, एक पोलीस, एक कॅमेरावाला. मला वाटलं बहिष्काराची बातमी घ्यायला आले. शर्ट बदलून बाहेर आलो. ते म्हणाले, गेणबा शेंडगे कोण. पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांचं मत घरी येऊन घेतात म्हणे. गेणबा म्हणजे आमचे वडील, आबा. त्यांचा अर्ज साधनानं भरून दिलेला. मला विचारलं नव्हतं. विचारलं होतं म्हणते, मी तेव्हा फ्लेक्सचा फोटो निवडत होतो.

आबांना बाजूला घेऊन सांगितलं, आबा, आपला बहिष्कार हाय, मी अध्यक्ष हाय. आबा म्हणाले, "मेंढरामागं असताना मतासाठी बोरघाटातनं चालत आलोय मी. आता सरकार दारात आलंय, आन् माघारी लावू व्हय?" पटका बांधला. पुठ्ठ्याच्या आडोशाला बसून मत दिलं, पाकीट स्वतः चिकटवलं. अख्खी वस्ती कुंपणापाशी उभी होती. बायका हसत होत्या.

आबांचं मत पोस्टाच्या हिशोबात धरतात. केंद्रावरचा आकडा अजून शून्य राहू शकतो. टार्गेटला धक्का नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

एक उमेदवार वस्तीवर आले. ठरल्याप्रमाणे कुणी बाहेर पडायचं नव्हतं. ढोल वाजला तसे सगळे बाहेर आले. मी घरात थांबलो, पण खिडकी उघडी ठेवली.

साधना, धुरपदाकाकू आणि बाकीच्या बायकांनी त्यांना बंधाऱ्यापर्यंत चालत नेलं. रेलिंगचं सांगितलं. ते म्हणाले, रेलिंग कशाला, ताई, मी तुम्हाला पूलच देतो. टाळ्या पडल्या.

रात्री साधनाला म्हटलं, बघ, पूल म्हणाले की नाही. माझ्या बहिष्काराला घाबरले. ती म्हणाली, "रेलिंग झालं असतं वो." पुढं म्हणाली, बायकांनी मत द्यायचं ठरवलंय. मी म्हटलं, हे समितीपुढं ठेवावं लागेल. तिनं लाइट बंद केला.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदान.

सकाळी ७. शाळेच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसलोय. माझ्याकडं बघून कुणाची आत जायची हिंमत होणार नाही.

सकाळी ९. काही जण आत गेले. मशीन कसं असतं ते बघून येतो म्हणाले. साधना गेली, प्रगती गेली. प्रगतीचं पहिलं मत. बोट दाखवायला माझ्याकडं आली. "छान" म्हणालो. ते बाप म्हणून.

दुपारी १. मल्हार आला, कुबडी घेऊन. म्हणाला, "अध्यक्ष, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई, पण आईनं शपथ घातली." खुर्ची त्याला दिली. पाय सरळ करून बसला, मग आत गेला.

दुपारी ४. बाळासो गाडीतनं म्हातारी माणसं आणून सोडतोय. मला हात करतो.

संध्याकाळी. शेवटी केंद्रावर ड्यूटीला असलेले मास्तर बाहेर आले. म्हणाले, आजूबाजूच्या कुठल्याच केंद्रावर इतकं मतदान नाही, तुम्हीच तेवढे राहिलात, या की. वस्ती बघत होती. आत जावंसं वाटलं. खोटं कशाला लिहू, उठलोही होतो. पण मग परत बसलो.

माझ्यापुरता बहिष्कार शंभर टक्के यशस्वी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकाल. वस्तीवर येऊन पूल देतो म्हणालेले पडले. निवडून आले ते दुसरे, आमच्याकडं फिरकलेही नव्हते. आमची सगळी वस्ती एकीकडं आणि आमदार दुसरीकडं.

आमदारांच्या पीएला अभिनंदनाचा फोन केला आणि पुलाचं काढलं. त्यानं वस्तीचं नाव विचारलं. थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणाला, तुमच्याकडनं आम्हाला काही नाही. म्हटलं, मी कुणालाच मत दिलेलं नाही. म्हणाला, तेच सांगतोय. ठेवला.

पडलेल्यांनाही फोन केला. ते म्हणाले, आता आमच्या हातात काय.

देवळापाशी बोलणं चाललं होतं की भारतानं बहिष्काराचं नसतं काढलं तर निवडून येणारा माणूस आपल्याकडं आला असता. मी जवळ गेलो तसे उसाच्या तोडीवर बोलायला लागले. लोक निराश आहेत. नेतृत्वाला हे सोसावं लागतं.

निश्चय: आमदारांना दर महिन्याला एक निवेदन.

२५ जानेवारी, शनिवार

निवेदन लिहायचं राहिलंय, पण आज त्याहून मोठी गोष्ट झाली. शिरूरला मतदार दिनाचा कार्यक्रम. बहिष्कार सोडून विक्रमी मतदान केल्याबद्दल आमच्या वस्तीचा सत्कार, तो स्वीकारायला मी. मतदार जागृतीबद्दल स्मृतिचिन्ह माझ्या नावाचं. शाल, श्रीफळ. मी मत दिलं नाही, हे कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. ठरवलं होतं की माइक हातात आला की पुलावरच बोलायचं. माइक आला तो प्रतिज्ञेसाठी. "प्रत्येक निवडणुकीत निर्भयपणे मतदान करू," असं मी म्हणायचं आणि हॉलनं माझ्यामागं. आवाज चांगला लागला.

कार्यक्रमात फोन सायलेंटवर होता. बाहेर आल्यावर साधनाचे कॉल दिसले. प्रगती बंधाऱ्यावर पडली. समोरनं दुधाची गाडी आली, बाजूला सरताना पाय गेला. माथ्यावरच पडली, खाली गेली नाही. हात मोडला. मागनं येणाऱ्या बायकांनी उचलून पलीकडं नेलं, दौंडला प्लास्टर घातलं.

शाल अंगावरच होती. स्टँडवर आल्यावर पिशवीत कोंबली.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रगती आता दौंडला राहणार. माझी बहीण पुतळाबाई तिथं रेल्वे कॉलनीत असते. कॉलेज बुडायला नको, साधनानं ठरवलं. पोचवायला मी.

गाडीवर बसवायचं तर प्लास्टर आणि बॅग. म्हटलं, रिक्षा करू, न्हावऱ्यावरनं फिरून जाऊ. प्रगती म्हणाली, पप्पा, डेमू जाईल, बंधाऱ्यावरनं चला. निघालो.

मी त्यावरनं गेलो त्याला किती वर्षं झाली आठवत नाही. कंपनीत होतो तेव्हा रस्ता दुसरा होता, नंतर गाडी आली. लांबून तो रुंद वाटतो. एका अंगाला फुगलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला खाली खडक आणि पाण्याच्या मोटारीचा आवाज. बॅग डोक्यावर घेतली होती. मधोमध आलो आणि पाय उचलेना. पुढंही जाता येईना, मागंही. खाली बसलो. मागं क्लासची पोरं खोळंबली, एक दूधवाला.

प्रगतीनं बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली. बरा हात माझ्या हातात दिला. म्हणाली, "पाण्याकडं बघू नका पप्पा. माझ्या पाठीकडं बघा. आम्ही तसंच जातो." तिच्या मागं मागं गेलो. पलीकडं टेकल्यावर तिनं माझी पँट झटकली, गुडघ्याला माती लागली होती.

दौंडला पुतळाबाईनं जेवायला थांबवलं. येताना एसटीनं फिरून आलो.

साधनानं विचारलं, आलात कसे. म्हटलं, रस्त्यानं. तिला फोनवर सगळं कळलेलं असणार. तिनं ताट वाढलं. आबा विचारत होते, झेडपीचं मतदान कवा हाय.

आज काही ठरवलं नाही.