ग्रहणाच्या दिवशीची तुळस

२२ जून, रविवार

परवाना आला! रजतने फ्रेम करून आणला आणि थेट देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला. मी काढला. बाहेरच्या खोलीत, ह्यांच्या निरोप समारंभाच्या फोटोखाली लावला. "आई, सरकारी कागद आहे," म्हणे. असू दे सरकारी. त्यावर वाइन लिहिलं आहे, आणि देवाला वाचता येतं.

मलाजखंडला ठेकेदाराकडे चांगली नोकरी होती. सोडून आला. आता मागच्या शेडमध्ये जांभळाची वाइन करणार. ठरलंय ते असं — दिवाळीपर्यंत घेणारा मिळाला नाही, तर परत नोकरी. देवासमोर हात जोडून कबूल झालाय. मी मनातून कोणाच्या बाजूची, ते माझं मलाच कळेना.

३० जून

शुक्रवारी जांभळं आली. वैनगंगेच्या काठची, बारीक, काळीभोर. किरनापूरकडच्या दोन बाया टोपल्या घेऊन आल्या. गर काढायला रजतने मशीन आणली भाड्याने. मी चालवून पाहिली. बियांसकट भरडते! बिया अशा वाया घालवायच्या? ह्यांना साखरेचा त्रास, आणि बियांचं चूर्ण मी वर्षभर विकत आणते. म्हटलं मशीन परत कर, मी हाताने काढते.

"आई, दीड क्विंटल हाय! काहून जीव देऊन राह्यली?"

त्या दोघींना बसवून घेतलं. चार दिवस लागले. बी अख्खी बाजूला, गर पातेल्यात. दारूला हात लावणार नाही, असं मी म्हणाले होते. पण ही अजून जांभळंच आहेत. असं मी ठरवलं.

१ जुलै

भजनाला गेले. हात अजून जांभळे. विमलाबाईंनी बरोबर पाहिले. "उमाबाई, हात काहून असे झाले वो?"

"जांभळं सोलली."

"हौ, ऐकलं आम्ही. आता तुमच्या घरी भजन ठेवलं तर तीर्थ कोणतं देता?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन रडले.

१४ जुलै

टाकीत फसफसतंय. स्वयंपाकघरापर्यंत वास येतो. वास चांगला आहे. हे फक्त इथे लिहिते.

१९ ऑगस्ट

मुक्कीकडे, जंगलाजवळ, एक मोठं हॉटेल आहे म्हणे. त्यांना आपल्या भागातल्या घरगुती वाइन ठेवायच्या आहेत. रजत वाइन करणाऱ्या बाकीच्या घरांकडे जाऊन आला. जेवताना सांगत होता.

तिरोडीचे शालिकराम मोहाच्या फुलांची करतात. मातीचे रांजण मानेपर्यंत जमिनीत पुरलेले, आजीच्या वेळचे. एकही बदललेला नाही. फुटला तर त्या वर्षी तेवढी कमी! लांजीकडे ज्योत्स्ना म्हणून एक सूनबाई आहे, ती मधाची करते. मध ज्या झाडांच्या फुलांचा, त्या झाडांचं नाव बाटलीवर. गेल्या वर्षी करंज, यंदा जांभूळ. सासरे मध काढतात, ती नाव लिहिते. मला आवडलं ते. दुसरी दोन घरं जांभळाचीच करतात. त्यांच्याकडे मोठ्या मशिनी आहेत.

हॉटेलच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे — आपके परिवार की वाइन में अलग क्या है? रजतने तो कोरा ठेवलाय.

"बाबा, आपल्यात काय वेगळं हाय?"

"तुही आई," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

७ सप्टेंबर, रविवार

आज चंद्रग्रहण. दुपारी एकपासून वेध. रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून पानं कालच काढून ठेवली होती. दूध, दही, पाण्याचे माठ, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांत एकेक पान टाकलं. मग वाटलं, मागच्या टाकीचं काय? पोराची तीन महिन्यांची मेहनत आहे ती. वेधात तुळशीविना राहील. पण मी सोवळ्यात. शेडमध्ये कशी जाऊ?

हे तेवढ्यात पेन्शनर संघाच्या बैठकीहून आले, खादीची बंडी घालून. दारातच अकरा पानं हातात दिली. "टाकीचं झाकण उघडून टाका. वेध लागायच्या आत!"

"हौ."

जेवायला बसल्यावर विचारलं, टाकली? "हौ." मन निवांत झालं.

८ सप्टेंबर

सकाळी पूजेला बसले आणि एकदम लख्ख कळलं मी काय केलं ते. तुळस! दारूत! विष्णूला वाहायची ती! आणि रजतची वाइन नासली असेल ती वेगळीच. देवाचाही अपराध, पोराचाही.

कोणाला सांगू?

१० सप्टेंबर

नाही सांगितलं. उपास धरला आहे. "तब्येत बरी नाही का?" रजतने विचारलं. म्हटलं, बरी आहे.

२१ सप्टेंबर

हॉटेलच्या सरिता मॅडम आल्या, चव घ्यायला. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी. नासली असणार, ही थुंकणार आता, आणि पोरगा माझ्यामुळे नोकरीला परत जाणार.

मॅडमनी घोट तोंडात धरला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "बाकी दोनों की जामुन आख़िर में ज़बान खींचती है. ये नहीं खींचती. क्या डाला है इसमें?"

"कुछ नहीं मॅडम," रजत म्हणाला.

"कुछ तो है."

मी ट्रे तिथेच खाली ठेवला. पण नासली नाही! देवा, नासली नाही!

२२ सप्टेंबर

राहवलं नाही. रजतला सगळं सांगितलं. आधी खो-खो हसला. मग म्हणाला, "आई, म्हणजे तेच हाय वेगळं." लगेच मॅडमला फोन. मी इकडून ऐकत होते — "तुलसी! वाह! लेबल पे यही जाएगा!"

मी म्हटलं, नाही. चुकून पडली ती पडली. त्याचं काय ते मी देवाशी बघीन. पण जाणूनबुजून दर वर्षी दारूत तुळस, आणि वर बाटलीवर चित्र? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

रजत उठून शेडमध्ये गेला. जेवला नाही.

२४ सप्टेंबर

आज त्याने मॅडमला सांगितलं. माझ्यासमोर, फोनवर. "तुलसी नहीं डालेंगे. माँ का मामला है." पलीकडे मॅडम नाराज. मग बाटलीत वेगळं काय, ते तीन नोव्हेंबरपर्यंत लिहून द्या, नाहीतर राहू द्या, म्हणाल्या.

फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं? आता जेव तू. किती दिवस उपाशी राहशील?"

त्याला माहीत होतं! इतके दिवस माझं ताट बघत होता. किती हलकं वाटलं काय सांगू. माझाच मुलगा आहे. पोटभर वरणभात खाल्ला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवाळी झाली. रकाना कोराच आहे. मलाजखंडहून धर्मेंद्र ठेकेदाराचा फोन आला होता. पाच तारखेला ये म्हणाला. रजत हौ म्हणाला. माझ्याशी एक शब्द वाकडा बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर

त्याची बॅग बांधली. बियांच्या चूर्णाचे तीन डबे भरले आहेत, ह्यांना वर्षभर पुरतील. तेवढाच फायदा या शेडचा.

२ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

संध्याकाळच्या लग्नासाठी ह्यांची खादीची बंडी कपाटातून काढली. खिसा झटकला तर वाळलेली पानं पडली. तुळशीची. मोजली. अकरा!

पाटावर बसूनच राहिले. मग चूर्णाचे डबे दिसले समोर. जांभळाची बी दाताखाली आली की जीभ ओढते — लहानपणापासून माहीत आहे की मला! बाकीचे मशीनने बियांसकट भरडतात. मी भरडू दिलं नाही.

रजतला हाक मारली. बॅग उघड म्हटलं. मॅडमला लाव फोन, आणि त्या रकान्यात लिही — आमच्या घरी बी फोडत नाहीत.

पानं वृंदावनात, तुळशीच्या मुळाशी ठेवली. एवढ्यात हे आले. मी विचारलं, "ग्रहणाला पानं टाकली होती ना टाकीत?"

"हौ," हे म्हणाले.