तीन म्हटल्याशिवाय उचलायचं नाही

प्रिय अण्णा,

आज आईसाठी लिफ्ट घेतली. पलंगावरून माणसाला झोळीत उचलून खुर्चीत ठेवणारी, तुम्ही जिला हसला होतात तसलीच. तुम्हाला सांगितल्याशिवाय कसं राहवेल?

आठवतंय, तुमचे पाय गेल्यावर कुंडलच्या घरी मी पहिली लिफ्ट आणली तेव्हा काय म्हणालात? "मी काय ऊस हाय व्हय गं, यंत्रानं उचलायला?" आणि आईकडं बघून मिशीतल्या मिशीत हसलात. तुमचा भरवसा आईवर! तिनं तुमच्या काखेत हात घालायचे आणि तुम्ही फौजेतल्यासारखं मोठ्यानं मोजायचं, "एक, दोन, तीन!" तीन म्हटल्याशिवाय उचलायचं नाही, हा तुमचा हुकूम. त्या आवाजावरून सगळ्या गल्लीला कळायचं, अण्णांच्या अंघोळीची वेळ झाली.

तरी तुम्ही म्हणाला होतात, "बसून बघू की एकदा." नडलं ते माझं शहाणपण. मी झोळी बघितली, किती वजन पेलते ते विचारलं, पण पलंगाखालचं माप घेतलंच नाही. तुमचा सागवानी पलंग इतका बुटका, की लिफ्टचे पाय खाली शिरेनात! "रविवारी येऊन पलंगाला ठोकळे लावते," म्हटलं मी. तीन रविवार गेले. लिफ्टवर तुमचे टॉवेल वाळत राहिले. आणि एका सकाळी तुम्हाला उचलताना आई पडली, तुमच्याखाली सापडली.

तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. का नाही बोललात, अण्णा? रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

आईची कंबर तेव्हा गेली ती गेलीच. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडं विश्रामबागेत, पलंगावरच असते. या वेळी मी आधी टेप घेऊन पलंगाखाली आडवी झाले. दुकानात झोळीत स्वतः बसून बघितलं. दुकानदार हसला. हसू दे!

दुपारी आईला झोळीत घेतलं. बिचारी पट्टे घट्ट धरून, डोळे मिटून बसली. मी दांडा दाबणार, तोच ओरडली, "आगं थांब की! त्येनी मोजलं न्हाई अजून."

माझा हात तिथंच थांबला. मग तिनंच मोजलं, अगदी तुमच्यासारखं, घसा ताणून. तीनला ती अलगद वर आली आणि लहान पोरीसारखी हसली.

शब्द देते, अण्णा. आईचं कुठलंच काम आता रविवारवर टाकणार नाही. आणि तीन म्हटल्याशिवाय तिला कुणी उचलणार नाही.

तुम्ही जिला रागावला नाहीत, ती तुमची
सुमन