दार उगवतीलाच

आईच्या पायांवर कुमुशचं डोकं.

अल्ताईहून निघालेलो आम्ही सिर नदीकाठी सुखरूप पोचलो. वाटेत दोन घोड्या दगावल्या, पण शिंगरू धडधाकट आहे. काळजी करू नकोस.

आपल्या रीतीप्रमाणे तंबूचं दार उगवतीला लावलंय, पण इथं वारा तिकडूनच येतो आणि चुलीतली राख थेट दुधात! बाकीच्यांनी दारं केव्हाच दक्षिणेला फिरवली. मीही म्हटलं, तर सासूबाई कडाडल्या, "हात लावून तर बघ!" दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही.

काल त्याच म्हणाल्या, "अगं वेडे, तुझी आई उगवतीकडूनच येणार ना? तिला दार शोधत फिरायला लावू?"

तुझे गुडघे कसे आहेत? बर्फ वितळलं की निघ. दुधावर झाकण ठेवायला शिकलेय मी.

तुझी कुमुश