बिल्ले घासले त्या दिवसाची हकीकत

सकलगुणसंपन्न, एक आठवण सोडली तर बाकी सगळं जागच्या जागी असलेले आमचे जावईबापू यांस सासूचे पोटभर आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. तीन पानं, तीही दोन्ही बाजूंनी, असं मला सांगण्यात आलं. माझ्या लेकीशी लग्न करून तुम्हाला सत्तावीस वर्षं झाली, पण सासूला वाचता येत नाही एवढी एक गोष्ट काही तुमच्या डोक्यात टिकत नाही. पहिल्या वर्षी तुम्ही मला जाडजूड पुस्तक भेट दिलंत, तेव्हा म्हटलं मनुष्य नवीन आहे, शिकेल. (पुस्तक अजून आहे. मागचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावते. फार उपयोगी आहे.) या खेपेला तर पाकिटावर ‘खासगी, फक्त आईंनीच वाचावे’ असं लिहून खाली रेघ मारलीत म्हणे. ती रेघ तेवढी मला वाचता आली.

तुमचं पोट आता कसं आहे? जेवल्यावर लगेच आडवे होता की नाही, हे मी विचारत नाही, कारण होता हे मला माहीत आहे. लेकीचा गुडघा कसा आहे तेही कळवा. माझी तब्येत उत्तम आहे, म्हणजे तुमच्या पत्राच्या हिशेबाने ती उत्तम असायला नको होती. पण त्याकडे मी येतेच.

हे पत्र लिहून घेणारे गृहस्थ इथले रेडिओवाले. माझी नात, म्हणजे तुमची पोर, ज्या गिर्यारोहणाच्या शाळेत शिकवते, तिथे ते यंत्रापुढे बसून रोज खाली हवामान कळवतात. वारा किती, बर्फ किती, थंडी किती. त्यामुळे त्यांना कमी शब्दांत बोलायची वाईट सवय लागली आहे. मी दहा वाक्यं सांगितली की ते मान वर करून विचारतात, सारांश काय? मी म्हणते सारांश जावईबापू काढतील, त्यांच्याकडे वेळ आहे.

तर तुम्ही मला आठ दिवसांसाठी धाडलंत आणि आज एकवीस दिवस झाले. नातीला समजावून खाली आणायचं, तुमच्या मित्राच्या कचेरीत तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली आहे, एक तारखेला तिने त्या खुर्चीत बसलं पाहिजे, हे सगळं माझ्या लक्षात आहे. (मी विसरत नाही. तो विभाग तुमच्याकडे.) पण एखाद्याला एखादं काम सोड म्हणायचं तर ते काम काय आहे हे आधी कळायला नको का? तिथेच माझे एकवीस दिवस गेले, आणि अजून नीट उलगडा झालेला नाही.

जेवढं कळलं तेवढं सांगते. ती मोठमोठ्या माणसांना पडायला शिकवते. तिला चालायला शिकवताना माझ्या लेकीची कंबर गेली, आणि ही आता उलट्या दिशेने शिकवते. एक दाढीवाले गृहस्थ आहेत, खाली गावात त्यांच्या हाताखाली शंभर माणसं आहेत. ते उताराच्या टोकाला जाऊन निमूट बसतात. ती म्हणते पडा, ते पडतात. मग घसरता घसरता पोटावर वळायचं आणि हातातली छोटी कुदळ बर्फात रुतवून थांबायचं. छान थांबले की ती म्हणते, आता डोकं खाली करून पडा. आणि ते आभार मानतात. दुपारी पोत्यात जुने कपडे कोंबून ते पोतं बर्फात पुरतात, आणि मग सगळे लांब सळया टोचत टोचत तेच पोतं शोधतात. पहिल्या दिवशी मी खिडकीतून बघत होते, म्हणून मुद्दाम बाहेर जाऊन पोतं कुठे आहे ते दाखवलं. माझे कोणी आभार मानले नाहीत.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे खड्डा. ती रोज उतारावर माणूसभर खड्डा खणते आणि त्याच्या भिंतीकडे टक लावून बघत बसते. बर्फाचे थर असतात म्हणे, एक पक्का, एक भुसभुशीत, फावड्याने टपटप करून बघायचं कुठला निसटतो. बघून झालं की खड्डा बुजवते आणि येऊन सांगते, आज त्या उतारावर जायचं नाही. की कोणी जात नाही. एकोणीस माणसं, जावईबापू. तिने नाही म्हटलं की एकोणीसच्या एकोणीस बूट काढून बसतात. आपल्या घरात तिचं मांजरसुद्धा ऐकत नव्हतं.

बरं, या सगळ्यांत आपली कोणती हेही ओळखू येत नाही. सगळ्यांची जाकिटं एकसारखी, कानटोप्या एकसारख्या, डोळ्यांवर बशीएवढे काळे चष्मे. चौथ्या दिवशी ती दाराशी दिसली म्हणून मी तिला धरलंच. केस किती दिवसांत विंचरले नाहीत, पोट साफ होतं का, बूट अंथरुणात घेऊन झोपण्याची ही काय पद्धत (इथे सगळे तसंच झोपतात, नाहीतर सकाळी बूट दगड होतो), असं दहा मिनिटं सुनावलं. समोरचं माणूस मान खाली घालून ऐकून घेत होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चष्मा आणि नाकावरचा मफलर काढला तर खाली मिशा निघाल्या. ते मोठे सर, या शाळेचे मुख्य. पोट साफ होतं असं ते म्हणाले.

आता बिल्ल्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. आत शिरल्याबरोबर भिंतीवर एक लाकडी फळी आहे, तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. इथल्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला. डोंगरावर जाताना आपला बिल्ला वरच्या ओळीत लावायचा, परत आलं की खालच्या ओळीत. संध्याकाळी मोठे सर फळी बघतात. तोंडं बघत नाहीत, कोणाला विचारत नाहीत, फक्त फळी. फार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात कोणीतरी एकाबद्दल, तो आत झोपलाय, असं सांगितलं, आणि तो झोपलेला नव्हता, वर अडकला होता. त्याच्या पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून बिल्ला सांगेल ते खरं. शिकणारा बिल्ला विसरला तर त्याला भांडी घासायला लावतात. शिकवणारा विसरला तर त्याला सामान बांधायला लावतात, त्या हंगामापुरता तो संपला. आपल्या नातीच्या बिल्ल्याला मी आल्याआल्या हिरवा दोरा बांधला होता. बाकीच्यांवरचे आकडे मला सगळे सारखेच.

बुधवारी सकाळी तुमचं पत्र आलं. रेडिओवाल्यांनी वाचून दाखवलं. त्यांना आणखी एक सवय आहे. यंत्रावर समोरच्याला ऐकू येत नाही म्हणून ते प्रत्येक गोष्ट मोठ्याने आणि दोनदा सांगतात. आणि इथल्या भिंती फळ्यांच्या. पलीकडे नात बुटांना मेण लावत बसली होती. तुम्ही जे तिसऱ्या पानावर लिहिलंय, की पोर ऐकतच नसेल तर आईंनी छातीत दुखण्याचे निमित्त करावे, म्हणजे ती धावत खाली येईल, ते तिने ऐकलं. पुन्हा सांगतो, आईंनी छातीत दुखण्याचे निमित्त करावे, हेही ऐकलं. (रेडिओवाले इथे कान खाजवतायत. त्यांचा दोष नाही, मी त्यांना सांगितलंय.) ती दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. दार आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं आपल्या खोलीचं.

मला कशाची लाज वाटली म्हणजे माझे हात स्वस्थ बसत नाहीत. आधी पातेली घासली, मग झाकणं, मग किटली. दुपारी बर्फ सुरू झाला म्हणून बाकीची मंडळी लवकर परत येऊन जेवायला बसली. घासायला काही उरलं नाही तेव्हा माझी नजर बिल्ल्यांवर गेली. शेगडीच्या धुराने काळेठिक्कर पडले होते. सगळे टोपलीत काढले. हिरव्या दोऱ्याचा खालच्या ओळीत होता, म्हणजे बाईसाहेब खोलीत रुसून बसल्या आहेत असं धरून चालले आणि तिचं ताट झाकून ठेवलं. मग राखेने एकेक बिल्ला असा घासला की त्यात तोंड दिसावं. परत लावताना बघितलं तर खालचे खिळे वाकडे, वरचे सरळ. म्हणून वीसच्या वीस वरच्या ओळीत लावले. फार सुरेख दिसत होते.

चार वाजता मोठे सर आले आणि फळीपुढे उभे राहिले. फळीप्रमाणे सगळी शाळा बर्फात डोंगरावर होती. त्यांचा स्वतःचा बिल्लाही वर होता, तो त्यांनी हात लावून बघितला, मग स्वतःलाही हात लावून बघितला. मी लगेच पुढे होऊन सांगितलं की हा माझा उद्योग, काळजीचं कारण नाही. ते म्हणाले असेल, पण फळीवर आता माझा भरवसा नाही, माणसं मोजावी लागतील. आणि घंटा वाजवली. मंडळी तोंडात घास घेऊन ओळीने उभी राहिली. मोजली. एकोणीस. मी म्हटलं विसावी खोलीत रुसली आहे, मी आणते. खोलीत घोंगडी होती. बूट नव्हते.

पुढचं मी फार सांगत नाही. ती माणसं पाच मिनिटांत तयार होऊन गेली, त्या सळया घेऊन. त्या सळया कशासाठी असतात ते मला तेव्हा कळलं. मी रेडिओवाल्यांच्या शेजारी बसले. यंत्र खरखर करायचं, थांबायचं. एकदा ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सापडली. पुन्हा सांगतो, सापडली.” तेव्हापासून मी त्यांच्या दोनदा सांगण्याला नावं ठेवत नाही.

घोटा मुरगळला होता, चालता येत नव्हतं, म्हणून आपणच खणलेल्या खड्ड्यात वाऱ्याला पाठ करून बसली होती. बर्फ असाच पडत राहता आणि कोणाला पत्ताच नसता, तर काय झालं असतं हे मोठ्या सरांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घसरगाडीवरून आणली. आत आणताना तिला फळी दिसली. मला जवळ ओढून कानात म्हणाली, “आजी, माझा बिल्ला खाली होता ना? मी लावलाच नाही.”

मी म्हटलं, “मला अक्षर येत नाही. कुठला कुठे होता, मला काय ठाऊक.”

आणि मोठ्या सरांना जाऊन सांगितलं की हिरव्या दोऱ्याचा मी वरच्याच ओळीतून काढला होता. (रेडिओवाले लिहायचे थांबलेत. लिहा हो, ते आता सगळ्यांना माहीत आहे.) माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ही एका पायावर उड्या मारत सरांपुढे गेली आणि म्हणाली की मी बिल्ला विसरले होते. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, “आजी, दोघींपैकी एक खोटं बोलते आहे. कोण?”

“ती,” मी म्हटलं. “लहानपणापासून.”

मिशा जरा हलल्या, पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. बराच वेळ नातीशी बोलले, दार लावून. (या दाराला भिंतीपेक्षा जाड लाकूड आहे.) सामान बांध म्हणाले नाहीत. लपवलं असतं तर म्हणालो असतो, असं म्हणाले. पण वर जाणं बंद. सध्या ती खुर्चीवर बसून लोकांना गाठी मारायला शिकवते, म्हणजे तुमच्या मनासारखं झालं, फक्त खुर्ची दुसऱ्याची आहे. पाय सुधारतो आहे, सूज उतरली आहे. चालायला लागली की तिला घेऊन खाली येते. काळजी नसावी. लेकीला हे पत्र वाचून दाखवताना सळयांचं गाळा.

तुमची,
सासू
(अंगठा इथे. शाई थंडीने गोठते म्हणून फिकट उठला आहे.)

ता. क. घेऊन येते असं वर म्हटलंय ते पत्राचा शेवट नीट व्हावा म्हणून. येत नाही. मोठ्या सरांचं शेवटचं म्हणणं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. ते म्हणाले, “ती आजवर बिल्ला कधी विसरली नव्हती. घरचा राग डोक्यात घेऊन निघालेलं माणूस विसरतं. तो राग मिटल्याचं मला कळेपर्यंत मी तिला डोंगरावर सोडणार नाही, तिच्याच भल्यासाठी.” मी त्यांना मिटला म्हणून सांगितलं तर ते आता माझं ऐकत नाहीत. म्हणून तुम्ही तिला पत्र लिहा. मला नाही, तिला. तू तिथेच राहा, असं लिहा. तीन पानं नकोत. तुम्हाला ते लिहिणं जड जाईल हे मला ठाऊक आहे. तुम्ही तिला खाली बोलावत होतात ते भीतीपोटी, हेही ठाऊक आहे. बुधवारी चार ते साडेपाच मलाही तीच भीती होती. पण एकोणीस माणसं तिचं ऐकून बूट काढतात, ते तुम्ही बघितलेलं नाही, मी बघितलंय. पुढच्या खेपेला कोणी वर अडकलं, तर त्या माणसांना ती लागणार आहे. मित्राला सांगा, खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या.

ता. क. दुसरा. लेकीला सळयांचं गाळू नका. ती पत्र तुमच्या आधी वाचते.

ता. क. तिसरा, आणि हा विसरलात तर मी समजेन की तुम्ही आधीचं काहीच वाचलं नाही. खजूर आणि लसूण पाठवा. खजूर बिया काढलेले नकोत, बिया काढायला इथे माणसं बसून आहेत. लसूण कोरडा बघून घ्या. किती पाठवू म्हणाल, तर बर्फ वितळेपर्यंत दोघींना पुरेल एवढा.