हरवलेले चोवीस हॉर्सपॉवर

५ जानेवारी २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. प्रयोग म्हटला की नोंदी आल्या. अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवताना वीस वर्षं हेच बोंबलतोय.
विषय: अमरदीपची गाडी.
अमरदीप माझा धाकटा भाऊ. सप्टेंबरात बदलापूरला झोपेतच गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. ही लाल गाडी त्याने चार वर्षं खपून बनवली. मोठा टर्बो, नवा एक्झॉस्ट, इंजिनच्या कॉम्प्युटरचं नवं सेटिंग. त्याची बायको राही आता मुलीला घेऊन लांज्याला माहेरी आहे. ती गाडी उत्तम चालवते. मीच म्हटलं, आधी सगळं तपासून देतो, आणि रत्नागिरीला घेऊन आलो.
डॅशबोर्डच्या कप्प्यात एक कागद सापडला. रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजतात, त्या डायनोचा. त्याने पेनाने गोल केलेला आकडा: ११८ हॉर्सपॉवर.
संकल्प: तेवढी ताकद आहे याची खात्री करायची आणि गाडी राहीला परत. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

१२ जानेवारी, रविवार
कोल्हापूरला डायनोवर जाऊन आलो. आंबा घाटात शेजारच्या सीटच्या बेल्टची टिंग-टिंग सुरू झाली. त्या सीटवर कोणी नव्हतं. सेन्सर बिघडला असणार. साखरप्याच्या वर गाडी थांबवून रिकाम्या सीटला बेल्ट लावला. आवाज बंद. साधा इलाज.
डायनोवाला रितेश, हुशार मुलगा पण घाई फार. आकडा आला ९४. चोवीस हॉर्सपॉवर गायब!
रितेश म्हणाला, "सर, काही गायब नाही. तुमच्या कागदावरचा आकडा इंजिनचा आहे. आम्ही चाकांवर मोजतो. मधे गिअरबॉक्स, टायर यांत वीसेक टक्के जातातच. ११८ मधून ते काढा बघू."
काढले. ९४.४ येतात. योगायोग.

१४ जानेवारी, मंगळवार
ग्राफचा अभ्यास केला. रेषा छान चढत जाते आणि बरोबर ४२०० आरपीएमला एक खळगा. क्षणभर कोणीतरी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा तसा. मग पुन्हा चढते.
अमरदीपच्या कागदावरही त्याच जागी खळगा दिसतो, पण ती कागदाला पडलेली घडी असावी.
दर्शनाला, म्हणजे बायकोला, दाखवलं. ती म्हणाली, दोन्ही ग्राफ सारखेच आहेत की. तिचा विषय इतिहास.

१८ जानेवारी, शनिवार
राहीचा फोन. तिला देवरूखच्या शाळेत नोकरी लागली. रोज दोन एसट्या बदलून जाते. गाडी कधी मिळेल, दादा? म्हटलं, इंजिन अजून भरवशाचं नाही, थोडी कळ काढ.
खोटं बोललो नाही. आकडा ९४ असताना भरवसा कसला?

२२ जानेवारी, बुधवार
संध्याकाळी गाडीत बसून विचार करत होतो. आई अंगणात आली आणि विचारलं, "गाडीत कोनाशी बोलत व्हतास?" म्हटलं, आकडेमोड करतोय. ती बराच वेळ शेजारच्या सीटकडे बघत राहिली. बेल्ट लावलेला होता. मग आत गेली.
आमच्या घरात बाबांच्या काळापासून भुतंखेतं बंद. बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली माणसं आम्ही. अमरदीप गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा विधीही व्यवस्थित पार पडला. तेव्हा हा फक्त सेन्सरचा प्रश्न आहे.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन करून थेट कोल्हापूर. नवे प्लग, नवा एअर फिल्टर. मागची सीट काढली, डिकी रिकामी केली. वजन घटवलं की ताकद वाढते.
रितेश म्हणाला, "सर, गाडी जागेवर बांधलेली असते. वजनाचा काय संबंध? तुम्ही फिजिक्सचे ना?"
आकडा: ९४. खळगा जागच्या जागी.
कोकणातली दमट हवा फिल्टरमध्ये बसली असणार.

२ फेब्रुवारी, रविवार
तिसरी चाचणी. ९३. रितेश म्हणतो, एक इकडे-तिकडे होतोच. खळग्याचं विचारलं, तर म्हणे टर्बोचा दाब तिथे किंचित बसतो. गाडीचा स्वभाव आहे, सर.
गाडीला स्वभाव नसतो. स्वभाव माणसाला असतो.
परतताना घाटात काटा मुद्दाम ४२०० वर धरला. काही झालं नाही. फक्त मला वाटलं, शेजारून कोणीतरी श्वास रोखला. खिडकी नीट बंद नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार
आज निर्णायक प्रयोग. चूक ऑपरेटरची आहे हे सिद्ध करायला मी स्वतः स्टिअरिंगला बसलो. रितेश नको म्हणत होता. पट्टे आवळले, पंखा सुरू झाला, रोलर गरगरायला लागले. पत्र्याची शेड थरथरत होती. मी पूर्ण ॲक्सिलरेटर दिला.
७९.
रितेश खिडकीशी आला. हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमचा पाय पोचत नाहीये. सीट पुढे घ्या ना."
अमरदीप माझ्यापेक्षा वीतभर उंच. सीट त्याने ठेवली होती तशीच आहे. सगळा घाट मी चवड्यांवर चालवतो.
म्हटलं, सीटचा काही संबंध नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.
त्याने आज प्रिंट दिला नाही. मीही मागितला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०
न कळवता राही आली. एसटीने. दर्शनानेच बोलावलं होतं, हे नंतर कळलं.
मी तिला ग्राफ समजावायला बसलो. चारही. तिने सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाली, "दादा, त्यांना ही गाडी विकायचीच होती. पुरे झालं, आता साधी गाडी घेऊ, म्हणत होते. जायच्या आदल्या दिवशी तुम्हाला फोन केला होता, विचारायला. तुम्ही उचलला नाहीत."
तिच्या बोलण्यात राग नव्हता. "म्हणाले, दादा कामात असेल."
मी म्हटलं, प्रॅक्टिकल चालू होतं.
"हो ना," ती म्हणाली.
किल्ली दिली. तिने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. मागची सीट मी आणि दर्शनाने बसवून दिली. गाडी गल्लीतून वळेपर्यंत आई दारात उभी होती.

दुपारी ३
प्रॅक्टिकल नव्हतं. मी स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. फोन टेबलावरच होता. वाजून वाजून थांबेपर्यंत त्याच्या नावाकडे बघत बसलो. वाटलं, पुन्हा हॉर्सपॉवरच सांगत बसेल.