टेकाडावरचा तरोटा

४ जुलै १९८६
कोसमटोल्याला पोचलो. भरवेली मागे पडून जीप जंगलात शिरली तेव्हा बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. माझी बायको प्रमोदिनी मार्चमध्ये गेली. तेव्हापासून गोंदियाच्या घरात बसवत नव्हतं. इथे दोन स्वच्छ खोल्या आहेत, पुढे अंगण, मागे बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीचं काळं टेकाड. आवराआवर झाली की अलकाला घेऊन येईन. सहा वर्षांची आहे, सध्या माझ्या बहिणीकडे, आशाताईकडे आहे. शाळेची चौकशी करून ठेवली.

शेजारच्या दुर्गाबाईंनी भाकर आणि तरोट्याची भाजी आणून दिली. ज्या घरात मयत झाली, त्या घरी वर्षभर शेजारून भाजी जाते, अशी टोल्याची, म्हणजे या वस्तीची, रीत आहे. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. तरोटा, म्हणजे टाकळा, तर मी लहानपणापासून खातो. हा थोडा वेगळा लागला, लोखंड चाटल्यासारखा.

९ जुलै
संशोधन सहायक म्हणून कामाला लागलो. तरोटा टेकाडावरही उगवतो आणि शेताच्या बांधावरही. दिसायला सारखाच. टेकाडाच्या मातीत खरं तर रोपानं मरायला हवं. हजारोंतलं एखादंच तगतं, त्याचं बी पुन्हा तगतं, आणि पिढ्या गेल्या की टेकाडाचा स्वतःचा वाण तयार होतो. त्याला फुलंही आधी येतात, त्यामुळे शेतातल्या तरोट्याशी त्याची गाठच पडत नाही. एका जातीच्या दोन जाती अशाच होत असाव्यात, असं जबलपूरच्या आमच्या साहेबांचं म्हणणं. शेतातली रोपं टेकाडाच्या मातीत आणि टेकाडाची शेतात लावून मला ते पडताळायचं आहे.

दुर्गाबाई बघत उभ्या होत्या. इतकं शिकून तरोटा लावून राह्यले का भाऊ, म्हणाल्या, तो त आपोआपच उगवते. माझ्याआधीचा सहायक स्वतःचं स्वतः रांधून खायचा आणि महिन्याभरात पिवळा पडून गेला, असंही सांगितलं. कावीळ असणार.

२२ जुलै
शेतातली रोपं टेकाडाच्या मातीत पुन्हा मेली. आधी पानांच्या कडा पिवळ्या होतात, मग मधला भाग. टेकाडाची रोपं शेणखत घातलेल्या चांगल्या मातीत मेली. साहेबांनी कळवलं की मी पाणी देण्यात हयगय करतो. करत नाही. सकाळ-संध्याकाळ स्वतः घालतो. कोणाला सांगणार. पुन्हा नवीन वाफे केले.

३ ऑगस्ट
अलकाला आणायला गोंदियाला गेलो होतो. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि बस थांबवून ओकलो. ताईकडचं पाणी घशाखाली उतरेना, जेवण सगळं उलटलं. आरशात डोळे पिवळे दिसले. अलका घाबरून ताईच्या पदरामागे गेली. तिला न घेताच परतलो. टोल्याच्या विहिरीचं तांब्याभर पाणी प्यालो आणि उठून बसता आलं.

५ ऑगस्ट
बालाघाटच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. शेवटी दुर्गाबाईंना विचारलं. त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. "भाजी धरली तुमाले. आता तुमी इथले झाले, भाऊ."

जो टेकाडाची भाजी खातो तो इथे तगतो, पण मग नदीपलीकडे जगत नाही. जो खात नाही तो इथे पिवळा पडतो. म्हणून टोल्यातल्या मुली बाहेर देत नाहीत. बाहेरून सून आली तर आधी भाजी खाऊ घालतात. आधी काहून नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यांना नवल वाटलं. दुःखातल्या माणसाले पिवळं पडू द्याचं का, म्हणाल्या.

कोणतंही रोप एका जन्मात असं बदलत नाही. त्याला पिढ्या लागतात, त्यात पुष्कळ मरतात. हे माझ्या शास्त्रात कुठेच बसत नाही. आणि तरी मला परवा पुलावर—

मुलांचं विचारलं. लहान रोप कधी धरते, कधी नाही धरत, एवढंच म्हणाल्या. टोल्यातल्या मोतीलालच्या दुसऱ्या बायकोनं पहिल्या घरची मुलगी सोबत आणली होती. भाजी खाऊनही ती नाही धरली, गेली.

ताईला पत्र टाकलं, अलकाला पाठवू नकोस. खरं कारण लिहिता येईना. शाळा बरी नाही असं लिहिलं.

१९ ऑगस्ट
टेकाडाच्या शेवटच्या फुलांवर शेतातल्या पहिल्या फुलांचे पराग लावले होते. शेंगा पोसतच नाहीत, आतलं बी सगळं फोल. साहेबांचं कौतुकाचं पत्र आलं. दोन जाती झाल्या म्हणे. मला आनंद झाला नाही.

२८ ऑगस्ट
आशाताई अलकाला घेऊन आली. माझ्या पत्रानं दुखावली होती. शाळेचं निमित्त करून बाप लेकीला टाकतो का, म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. लेक जवळ राहिली की तुझं डोकं ठिकाणावर येईल, म्हणाली. मी जीपला आडवा गेलो तरी आल्या जीपनं निघून गेली.

अलकाला विहिरीचं पाणी देत नाही. पत्र्यावरचं पावसाचं धरून ठेवलं आहे. पीठ ताईनं दिलेलं.

३० ऑगस्ट
उद्याच्या बसनं अलकाला कोणाच्या तरी सोबत धाडणार होतो. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, वाहून गेला. बस बंद.

२ सप्टेंबर
पाणी पावसाचं. पीठ गोंदियाचं. तरी तिच्या नखांच्या कडा पिवळ्या. इथली धूळच असेल. आधी कडा, मग—

खांद्यावर घेऊन नाल्यात उतरलो. पाणी छातीला लागलं, पाय सुटले. परत आलो.

४ सप्टेंबर
अलका उठत नाही. दुर्गाबाई ताट घेऊन आल्या. मी फेकलं. रागावल्या नाहीत. "आज नाही त उद्या उशीर होईन, भाऊ."

नाला उतरत नाही.

५ सप्टेंबर
पुन्हा ताट. उंबऱ्यावर ठेवून गेल्या. फेकलं नाही.

धरली तर कायमची इथली. गोंदिया नाही, ताई नाही, नदीपलीकडचं काहीच— नाही धरली तर मोतीलालच्या घरी झालं तसं. आणि काहीच केलं नाही तरी तेच. रोपांवर करून बघितलं आहे. इतक्यांदा केलं, एकदाही—

तिला वास आला. भूक लागली म्हणते. पहिल्यांदाच मागितलं.

मांडीवर घेतलं आहे. हलकी लागते. तोंड उघडलं तिनं. मी अगदी लहानसा घास—