शेवटी दोघं जगतात असा सिनेमा

अव्वा, तुझी लेक पोटापाण्यासाठी नक्की काय करते हे तुला सांगायची वेळच आली नाही. तू गेलीस तेव्हा मला नोकरीही नव्हती. इंटरनेटवर एक ठिकाण आहे, तिथं झाडून सगळ्या सिनेमांची माहिती असते, नट कोण, नटी कोण, गोष्ट काय, शेवट काय. मोबाईलवर वरच्या चौकटीत माणूस एखाददुसरं अक्षर लिहितो आणि लगेच खाली यादी उघडते, तुम्हाला हे हवंय का, की ते हवंय. ती यादी सुधारणं हे माझं काम. कंपनी हैदराबादची, मी नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर घरी बसून करते. शेजारणींना मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' एवढंच सांगते. तुला मात्र चटकन कळलं असतं, कारण लातूरला आपल्या व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर तू इतकी वर्षं तेच तर करत होतीस.

लायब्ररी काढली अण्णांनी, पण दिवसभर ते आडतीवर आणि दुकानात तू. काउंटरवर बाई बसते म्हटल्यावर गल्लीतल्या बायका यायला लागल्या. त्या सिनेमाचं नाव कधी घ्यायच्या नाहीत. "ते हो, त्या दिशी म्हणला होतात ते," एवढंच. तू कपाटातून कॅसेट काढायचीस, जुन्या पेपरात गुंडाळून हातात द्यायचीस. कुणाला रडायचंय, कुणाला हसायचंय, कुणाला नुसतंच कुणी हाक न मारता दोन तास बसायचंय, हे तुला चेहरा बघूनच समजायचं. पण तीच बाई संध्याकाळी नवऱ्याबरोबर आली की तू तिला ओळखसुद्धा दाखवायची नाहीस. "काय देऊ?" म्हणून सरळ नवऱ्याला विचारायचीस. मला तेव्हा त्यात लबाडी दिसायची.

मी अकरावीत होते तेव्हाची ती दुपार. तू मागे स्वयंपाकघरात भाकरी टाकते आहेस, मी काउंटरवर बसले आहे. कोपऱ्यावरच्या घरातली सून येते, दर बुधवारी येणारी, आणि आज तिच्याबरोबर सासू आहे. त्यांच्याकडे व्हीसीआर होता, पण सासूच्या समजुतीनं तो फक्त देवादिकांच्या सिनेमांसाठी. सासूनं देवीचा सिनेमा मागितला. मी तो द्यायचा आणि गप्प बसायचं, एवढंच होतं. पण माझी हुशारी अंगात मावेना. "वहिनी, तुमची ती नेहमीची पण देऊ का? आता चौथ्यांदा हुईल," मी हसत हसत म्हणाले. सासूनं विचारलं, "कोणती गं नेहमीची?" आणि मी गोष्टीसकट सांगितलं, त्यात बाई नवऱ्याला सोडून जाते आणि परत येत नाही. सून काउंटरच्या लाकडाकडे बघत राहिली. सासूनं देवीचा सिनेमाही नेला नाही.

तू पिठाच्या हातांनी बाहेर आलीस तोवर त्या गेल्या होत्या. तू हात उगारला नाहीस. "तुला ठाव हाय म्हणून बोलून दाखवायचं आसतंय का गं?" मी म्हटलं, "मी कुठं खोटं बोलले?" "खोटं बोल्लीस आसं म्हणायले का मी? आता तिचं घरी काय हुईल, ते कळतंय का तुला?" मला कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी व्हीसीआर विकल्याचं कानावर आलं. मग एकदा ती सून आपल्या दोघींना नळावर दिसली, उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली, डाव्या हातानं घागर उचलत होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि घरात गेलीस. त्या बघण्याचा मला इतका राग आला होता की मी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला.

आता मी काय केलं ते ऐक. पूर्वी आमच्याकडे जुने शोध फक्त आपापल्या नावानं आत आलेल्या माणसालाच दिसायचे. मी सुधारणा केली. मोबाईल कुणाच्याही हातात असो, त्यावर आधी जे काही शोधलं असेल ते पहिल्याच अक्षराला सगळ्यांत वर यावं. प्रत्येक ओळीपुढं एक बारीक फुली असायची, ती दाबली की ओळ पुसली जायची. ती फुलीही मी काढून टाकली, लहान पडद्यावर जागा खाते आणि सहसा कुणी दाबत नाही म्हणून. एक मोबाईल म्हणजे एक माणूस, असं मी धरून चालले. हैदराबादच्या साहेबांचं ठीक आहे, पण मला हे शोभत नाही. देगलूर-धर्माबादकडं अख्खं घर एका मोबाईलवर चालतं. माझ्या नणंदेच्या घरी तेच आहे, दर दिवाळीला बघते.

एका गुरुवारी निरोप आला. मराठीतले निरोप माझ्याकडेच येतात. "खाली जे जुनं येतंय ते कसं पुसायचं? मी देगलूरकडची हाय. मोबाईल भावाचा हाय, दुपारी मला भेटतो. भावाला सिनेमाचा लई नाद हाय. लवकर सांगा." निरोपाबरोबर नाव नसतं, मोबाईलचा एक लांबलचक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून काय काय शोधलं ते मला दिसतं. सकाळ-संध्याकाळ मारामारीचे सिनेमे, ते भावाचे. दुपारी, 'जातीबाहेर लग्न केलेले सिनेमे'. मग सलग तीन दुपारी एकच ओळ, 'पळून गेलेले दोघं शेवटी जगतात असा सिनेमा'. अव्वा, तू कपाटं उपसून तिला एखादा काढून दिला असतास. आमच्या यादीनं एकही दाखवला नव्हता.

शुक्रवारी दुसरा निरोप आला. "आजून पुसलं न्हाई. हात जोडते." शनिवारी सकाळी त्या मोबाईलवर कुणीतरी 'प' लिहिलं. ओळ खाली आली. ती दाबली गेली, पुन्हा दाबली गेली, आणि मग दुपारच्या सगळ्या ओळी एकेक करून दाबल्या गेल्या. आमच्या हिशेबी असं प्रत्येक दाबणं म्हणजे सुधारणा उपयोगी पडली. त्या दुपारी काही शोधलं गेलं नाही. आज अकरावा दिवस आहे, अजून काही नाही. भावाचे मारामारीचे सिनेमेसुद्धा बंद आहेत. मोबाईल बिघडला असेल. तिला मामाकडे पाठवलं असेल. मी रोज स्वतःला असं काहीतरी सांगते आणि रोज सकाळी उठल्या उठल्या तो क्रमांक उघडून बघते. उत्तर मी पाठवलेलं नाही. ते आता कुणाच्या हातात पडेल, मला माहीत नाही.

सोमवारी मी फुली परत आणली. दहा मिनिटांचं काम. साहेब म्हणाले, "एका तक्रारीवरून?" मग म्हणाले, "आणि हे आधी का नाही कळवलं?" मी सांगितलं, गुरुवार-शुक्रवार दुसऱ्या कामात होते, दोन्ही निरोप सुट्टी संपल्यावर सोमवारीच वाचले. त्यांनी ते मान्य केलं, वर माझ्या तत्परतेचं कौतुकही केलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथं खरं लिहिते. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या त्या सुधारणेचे आकडे मोठ्या साहेबांसमोर मांडायचे होते, आणि तोवर मला कशालाही हात लावायचा नव्हता. तिचा पहिला निरोप मी गुरुवारी जेवता जेवता वाचला होता. दुसरा शुक्रवारी, साहेबांसमोर बसायच्या आधी.